कायमचे सर्व्हर मागितलेत कोणी?

ऑनलाइन गेम बंद पडला आणि कुणी कुरकुर केली, की एक तयार उत्तर फिरू लागतं. गेम तुम्ही विकत घेतलाच नव्हता, नुसतं लायसन्स, म्हणजे वापरायची परवानगी घेतली होती. अटींमध्ये सगळं लिहिलं होतं. कंपनीने काय जन्मभर सर्व्हर, म्हणजे गेम ज्यांच्याशी जोडून चालतो ते तिचे संगणक, चालवायचे? आणि सक्ती केलीत तर ऑनलाइन गेम बनणंच थांबेल. यातलं पहिलं विधान बरोबर आहे. पण त्यातून पुढचं काहीच निघत नाही.

लायसन्स तर डिस्कवरच्या गेमचंही असायचं, कॉपीराइट तेव्हाही कुणी आपल्या नावावर करून दिला नव्हता. फक्त घरातली डिस्क बंद पाडायची सोय कंपनीकडे नव्हती. ती आता आहे. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा 2014 मधला गाड्यांच्या शर्यतींचा गेम घ्या. एकट्याने खेळता येईल अशी अख्खी कथा त्यात होती, तरी सर्व्हरशी जोडल्याशिवाय तो सुरू होत नसे. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि डिस्क घेतलेल्यांचाही गेम गेला. नंतर अनेकांच्या अकाउंटमधून लायसन्सही काढून घेतलं. तेव्हा 'डिस्क घ्या ना मग' हा सल्ला देणाऱ्यांनी जरा थांबावं.

अटींचं म्हणाल, तर सेवा कधीही बंद होऊ शकते एवढंच त्यांत असतं. कधी, ते नसतं. महिन्याची वर्गणी भरणाऱ्याला आपण कशाचे पैसे देतोय ते कळतं. एकरकमी पूर्ण किंमत मोजणाऱ्याला मुदत सांगितलीच जात नाही आणि बटणावर 'खरेदी करा' असतं. या बटणावर कॅलिफोर्नियाने कायदा केला. 1 जानेवारी 2025 पासून तिथे, लायसन्स देतोय हे स्पष्ट न सांगता डिजिटल वस्तूला 'खरेदी' म्हणता येत नाही. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने त्याआधीच, ऑक्टोबर 2024 मध्ये, तशी सूचना पैसे भरण्याच्या पानावर टाकली. अर्थात सूचना दिल्याने बंद पडलेला गेम चालू होत नाही. शिवाय अटीत लिहिलं म्हणजे विषय संपला, असंही नाही. युरोपात ग्राहक करारातली अन्यायकारक अट बंधनकारक नसते, हे युरोपीय संघाच्या 1993 च्या निर्देशापासून ठरलेलं आहे.

आता जन्मभर सर्व्हर. ही मागणी कुणाची आहे, हे मला अजून कोणी दाखवलेलं नाही. यूट्यूबर रॉस स्कॉट यांनी 2024 मध्ये, विकलेले गेम असे बंद पाडू नयेत म्हणून, 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम सुरू केली. त्यातून आलेल्या युरोपीय नागरिकांच्या अर्जाने जुलै 2025 मध्ये 10 लाख सह्या ओलांडल्या. कंपनीने गेम खेळण्याजोगा सोडला, तर त्यानंतर तिने त्यावर काही खर्च करावा अशी अपेक्षा नाही, असं त्या अर्जातच म्हटलं आहे. मालकी हक्क किंवा कॉपीराइटही मागितलेला नाही. जाताना किल्ली ठेवून जा, एवढंच.

आणि हे जमतं. 'नॉकआउट सिटी' जून 2023 मध्ये बंद झाला, तेव्हा बनवणाऱ्यांनी खाजगी सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती दिली. 'ग्रान टुरिस्मो स्पोर्ट'चे सर्व्हर जानेवारी 2024 च्या अखेरीस बंद झाले; त्याचा बराचसा भाग आधीच पॅच (अपडेट) देऊन ऑफलाइन केला होता. खुद्द युबिसॉफ्टने 'द क्रू 2'मध्ये नंतर ऑफलाइन खेळायची सोय केली. बोंबाबोंब झाल्यावर का होईना.

'मग गेम बनणारच नाहीत' या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. अनेक गेमचा सर्व्हर हा एक प्रोग्रॅम नसून डझनभर सेवांचं जाळं असतं, त्यातल्या काही दुसऱ्या कंपन्यांच्या. जुन्या गेममधून ते सोडवणं खर्चिक आहे, कुठे कुठे अशक्यही असेल. पण शेवटाचा विचार आराखड्यातच केला तर खर्च बराच कमी होतो, म्हणून नियम नव्या गेमना लावावा असं माझं मत. गेममध्ये वापरलेल्या खऱ्या गाड्यांच्या आणि गाण्यांच्या हक्कांची मुदत संपते ही सबब तर अगदीच लंगडी. त्याने नवी विक्री थांबते. 'फोर्झा होरायझन 3' हा गाड्यांचाच गेम 2020 मध्ये विक्रीतून गेला, आधी घेतलेल्यांचा चालूच राहिला.

राहिला शेवटचा टोमणा, की कोणी खेळतच नव्हतं. 'सिटी ऑफ हिरोज' हा एनसीसॉफ्ट कंपनीचा ऑनलाइन गेम 2012 मध्ये बंद झाला. पुढे चाहत्यांनी स्वतःच सर्व्हर उभे केले, आणि जानेवारी 2024 मध्ये एनसीसॉफ्टने त्यांतल्या 'होमकमिंग'ला रीतसर परवाना दिला.