१,६२,००० क्लिकचा कॅमेरा आणि माझी चुकलेली उपमा: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा (नाव लिहिलं नाहीत, म्हणून दादाच म्हणतो, ताई असाल तर आधीच माफी मागून ठेवतो),

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा बरीचशी पटली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. शटर म्हणजे फोटो काढताना उघडझाप करणारा कॅमेऱ्यातला पडदा, आणि शटर काउंट म्हणजे ती उघडझाप किती वेळा झाली याचा आकडा. जुन्या कॅमेऱ्यांवरच्या माझ्या लेखात मी लिहिलं होतं, "शटर काउंट म्हणजे कॅमेऱ्याचं किलोमीटर. कंपनीने सांगितलेला आकडा ओलांडलेला कॅमेरा घेऊ नका, आणि विकणारा आकडा दाखवत नसेल तर तिथून उठा." तुम्ही लग्नाची कामं करता. निकॉन डी७५० विकायला काढलाय, आकडा १,६२,०००. तीन गिऱ्हाइकं मोबाइलवर माझा लेख दाखवून भाव पाडून गेली. १,१०,००० ला शटर नवीन बसवलंय, हे कोणी ऐकूनच घेत नाही. शिवाय मी सांगितलेल्या पद्धतीने, म्हणजे फोटोच्या फाइलमधून, आकडा दिसतच नाही, तोही तुम्हाला सर्व्हिस सेंटरमध्ये विचारावा लागला. आणि शेवटी, "घरी बसून लिहिणाऱ्यांनी आमच्या पोटावर पाय देऊ नये."

किलोमीटरची उपमा मागे घेतो. किलोमीटर अख्ख्या गाडीचे असतात. इंजिन, टायर, गिअरबॉक्स सगळं तेवढंच धावलेलं असतं. शटर काउंट मोजतो तो एकाच भागाची उघडझाप. लालपरीचं दार किती वेळा उघडलं-मिटलं यावरून इंजिनाची तब्येत सांगावी, तसं मी करून बसलो. दार निखळलं तर गाडी डेपोत लावावी लागते हे खरं. पण दार बदलता येतं.

आणि तो कंपनीने सांगितलेला आकडा. डी७५० चं शटर १,५०,००० क्लिकपर्यंत चालवून तपासलंय, असं निकॉन सांगते. डी५६०० साठी हाच आकडा १,००,००० आहे, डी८५० साठी २,००,०००. ही चाचणी झाली, औषधाच्या बाटलीवरची मुदत नव्हे. एखादं शटर साठ हजारांवरच बंद पडतं, एखादं दोन लाखांपुढेही कुरकुर न करता चालतं.

हे मला कळायला हवं होतं, कारण मी स्वतः उलट बाजूने फसलोय. काही वर्षांपूर्वी आकडा फक्त ९,००० बघून एक कॅमेरा घेतला. कोकणातल्या एका घरात चार पावसाळे कपाटात पडून होता. व्ह्यूफाइंडरमध्ये बुरशीचं जाळं, ग्रिपचं रबर चिकट झालेलं, मागची चकती एक घर पुढे फिरवली की दोन घरं उडायची. शटर मात्र ठणठणीत. ते घेऊन करायचं काय? तुमच्यासारख्यांच्या हातात रोज फिरणारा, दर आठवड्याला पुसला जाणारा कॅमेरा त्याच्यापेक्षा केव्हाही बरा. लग्नाच्या एका दिवसात हळदीपासून पाठवणीपर्यंत अडीच-तीन हजार क्लिक सहज होतात. तुळशीचं लग्न लागल्यावर तारखा सुरू झाल्या की वर्षाला लाखभर व्हायला वेळ लागत नाही. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पक्षी उडाले आणि डी५०० वाल्याने सेकंदाला दहाच्या वेगाने बोट दाबून धरलं, तर वीस सेकंदांत दोनशे. आकड्यावरून माणसाचा धंदा ओळखता येतो, कॅमेऱ्याची प्रकृती नाही.

पण आकडा दाखवावाच, हे माझं म्हणणं सोडत नाही. तुम्हाला तो का दिसला नाही, याचा मला अंदाज आहे: तपासलेला फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असणार. तिथे फोटो लहान होतो आणि आतली माहिती गळून पडते. एडिट करून एक्स्पोर्ट केलेल्या फोटोचंही अनेकदा तसंच होतं. आज एक फोटो काढा, कार्डावरची मूळ जेपेग किंवा एनईएफ (निकॉनची रॉ) फाइल संगणकावर घ्या आणि एक्झिफटूल या फोटोतली लपलेली माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. डी७५० हा आकडा प्रत्येक फोटोत लिहून ठेवतो. कुठल्याशा वेबसाइटवर फाइल चढवण्यापेक्षा हे बरं, कारण त्याच फाइलमध्ये तुमचा सिरियल नंबरही असतो. आणि फाइलच्या नावातल्या ४२१३ सारख्या आकड्यावर जाऊ नका; ती गिनती ९९९९ नंतर परत पहिल्यापासून सुरू होते.

"दाखवत नसेल तर उठा" हे मात्र कॅननवाल्यांवर अन्याय करणारं होतं. कॅननचे बहुतेक डीएसएलआर फोटोत हा आकडा लिहीतच नाहीत. केबल लावून वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. म्हणजे दाखवता न येणारा प्रत्येक जण लबाड नसतो. मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत) तर आणखी घोळ. इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेल्या फोटोत पडदा हलतच नाही, आणि निकॉन झेड९ मध्ये यांत्रिक शटरच नाही. तिथे झीज कशाची मोजणार?

आता तुमचा डी७५०. शटर १,१०,००० ला बदललं असेल, तर सध्याच्या शटरवर ५२,००० क्लिक झालेत. शटर बदललं तरी मोजणी पुढे चालू राहू शकते. मुख्य बोर्ड बदलला तर उलट, म्हाताऱ्या कॅमेऱ्यावरही चार हजार दिसू शकतात. म्हणून सगळा भार पावतीवर आहे. पावतीवर सिरियल नंबर आहे ना, बघा. नसेल तर जिथे काम केलं तिथून लिहून आणा. गिऱ्हाईक समोर असताना १/४००० सेकंदाच्या शटर वेगावर पांढऱ्या भिंतीचे वीस-तीस फोटो सलग काढा आणि एकेक मोठा करून दाखवा. शटर थकलं असेल तर कडेला काळी पट्टी किंवा कमी-जास्त उजेड दिसतो. विचारलं तर हेही सांगा की डी७५० च्या काही नगांच्या शटरसाठी निकॉनने जुलै २०१५ मध्ये मोफत दुरुस्ती जाहीर केली होती. त्या खेपेतला, न बदललेल्या शटरचा कमी आकड्याचा कॅमेरा घेण्यापेक्षा तुमचा मी घेईन.

तरीही ५२,००० वाल्या कॅमेऱ्याचा पूर्ण भाव मागाल तर मी गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलेन. शटर नवीन असलं तरी बटणं, वर फ्लॅश बसवायचा हॉट शू, कार्डाची खाच, लेन्सचा माउंट हे सगळं १,६२,००० चंच आहे. तेवढं सोडावं लागेल.

जाहिरातीची पहिली ओळ अशी करून बघा: "डी७५०, एकूण क्लिक १,६२,०००, शटर १,१०,००० ला बदललं, पावती आहे." माझ्या लेखातली ती वाक्यं आज सकाळी काढली आहेत. चौथं गिऱ्हाईक मोबाइल पुढे करायला लागलं तर त्याला म्हणावं, आधी पान रिफ्रेश कर.