खुलासा : ‘हॉट रॉड लिंकन’ ट्रकवाल्या अल्बममधलं नाही

कमांडर कोडी अँड हिज लॉस्ट प्लॅनेट एअरमेन या अमेरिकन बँडबद्दल एक मजकूर फिरतोय : त्यांचं ‘हॉट रॉड लिंकन’ हे गाजलेलं गाणं १९७२च्या ट्रकगीतांच्या अल्बममधलं असून त्या अल्बममधली सगळी गाणी ट्रकचालकांची आहेत.

दोन्ही चूक. हे गाणं आधीच्या, १९७१च्या ‘लॉस्ट इन द ओझोन’मधलं. गाण्यात ट्रक नाहीच. कॅडिलॅक गाडीशी शर्यत लावणारी, लिंकन गाडीचं इंजिन बसवलेली जुनी फोर्ड आहे. गाणं बँडचं स्वतःचंही नव्हे. चार्ली रायन यांनी ते १९५५ मध्येच रेकॉर्ड केलं होतं.

१९७२चा अल्बम म्हणजे ‘हॉट लिक्स, कोल्ड स्टील अँड ट्रकर्स फेव्हरिट्स’. त्यात ‘ट्रक ड्रायव्हिन मॅन’, ‘सेमी-ट्रक’, ‘मामा हेटेड डिझेल्स’ आहेत खरी, पण रॉक अँड रोल गायक लिटल रिचर्ड यांचं ‘टुटी फ्रुटी’सुद्धा आहे, आणि त्याचा ट्रकशी काडीचा संबंध नाही! नाव वाचून गाणी न ऐकताच मजकूर लिहिला असावा.

बँडमधली मंडळी स्वतः ट्रकचालक होती, असंही हा मजकूर सांगतो; हीही थापच. बँड जमला मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गावात. कमांडर कोडी म्हणजे पियानोवादक जॉर्ज फ्रेन, आणि त्यांचं शिक्षण चित्र-शिल्पकलेचं.