पर्यावरण प्रशिक्षण उरकण्याची रीत

कुपवाड औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कारखान्यात आम्ही पोट भरतो, तिथे गेल्या आठवड्यात कर्मचाऱ्यांचे पर्यावरण प्रशिक्षण इतक्या देखण्या रीतीने उरकले गेले, की सांगली-मिरजेतल्या इतर व्यवस्थापकांनाही तिचा लाभ व्हावा म्हणून ती लिहून ठेवणे भाग आहे.

प्रशिक्षणाची तारीख पर्यावरण प्रमाणपत्राच्या ऑडिटची तारीख पाहून ठरवावी. ऑडिट ५ जूनच्या आसपास आले तर एकाच फ्लेक्सवर पर्यावरण दिनही साजरा होतो. त्यावर झाड लहान, पृथ्वी मध्यम आणि मालकांचे छायाचित्र मोठे असावे.

व्याख्याता पुण्याहून आणावा आणि त्याने इंग्रजी स्लाइडवर ध्रुवीय अस्वले दाखवावीत, कारण अस्वलाविषयी कोणताही ऑपरेटर अडचणीचा प्रश्न विचारत नाही.

सह्या आधी घ्याव्यात, बोलणे मागाहून.

प्रश्नपत्रिका उत्तरांसह वाटावी. मात्र सर्वांना दहापैकी दहा पडू देऊ नयेत, ऑडिटरला संशय येतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोलवावे कोणाला, हे नीट ठरवावे. एचआर, अकाउंट्स आणि डिस्पॅचची मंडळी पुढच्या रांगेत बसवावीत, कारण त्यांचे कपडे स्वच्छ असतात व फोटो चांगले येतात. ठेकेदाराच्या माणसांना मात्र चुकूनही बोलावू नये. सीएनसी मशिनची कूलंट टाकी, म्हणजे धातू कापताना गार ठेवणाऱ्या द्रवाची टाकी, तीच माणसे उपसतात, वर तरंगणारा तेलाचा काळा थर तीच बादलीत काढतात, तेलकट चिंध्याही तीच गोळा करतात. पण ती पडली ठेकेदाराची माणसे, त्यांचा पर्यावरणाशी काय संबंध? आयएसओ १४००१ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.३ या कलमात जाणीव-जागृतीची अट आहे आणि ती संस्थेच्या नियंत्रणाखाली काम करणाऱ्या सर्वांना लागू होते, मग पगारपत्रक कोणाचेही असो. ज्या प्रमाणपत्राची चौकट रिसेप्शनमध्ये टांगली आहे, त्याच मानकातले हे कलम व्यवस्थापनात कोणी वाचले आहे काय? परवा मागच्या रांगेतून एका ऑपरेटरने भीतभीत विचारले, की टाकीतला उपसा नेऊन टाकायचा कुठे. त्यावर ‘तो विषय आजच्या कार्यक्रमात नाही’ असे उत्तर मिळाले आणि सभागृह हसले! वापरलेले तेल हा घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार घातक कचरा आहे, तो साधारणपणे ९० दिवसांहून अधिक साठवता येत नाही आणि नोंद ठेवून अधिकृत प्रक्रियाकाराकडेच पाठवावा लागतो, हे त्या माणसाला सांगायला पाच मिनिटे पुरली असती. तेवढी पाच मिनिटे अस्वलांकडून काढता आली नाहीत. मग ती बादली शेडमागच्या पावसाळी गटारात रिकामी होते, आणि आपण संध्याकाळी कृष्णेत घाण आणणाऱ्या शेरी नाल्याच्या नावाने बोटे मोडायला मोकळे.

‘हे सगळे खर्चाचे लाड आहेत, धंदा स्पर्धेत टिकला पाहिजे’ हे वाक्य भाषणाच्या शेवटी जरूर टाकावे. ते बोलले जात असताना आमच्या शॉपमध्ये हवेच्या लाइनचे सांधे फुसफुसत होते. दुर्लक्षित लाइनमध्ये कंप्रेसरच्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीतच जाते; ती गळती कानाने ओळखून चिठ्ठी अडकवायला कामगाराला शिकवले, तर वीजबिलात किती फरक पडेल याचा हिशेब अकाउंट्सच्या त्याच पुढच्या रांगेने करावा.

स्पर्धेचे म्हणाल, तर १ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाची कार्बन शुल्काची व्यवस्था, म्हणजे सीबॅम, प्रत्यक्ष अमलात आली आहे. तिच्यात येणाऱ्या लोखंड-पोलादाच्या मालामागे किती उत्सर्जन झाले, हे तिथल्या आयातदाराला सांगावे लागते. कारखान्याने आकडा दिला नाही, तर ठोक आकडा धरला जातो, जो सहसा चढाच असतो. इकडे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल बंधनकारक केल्यामुळे आपले मोठे ग्राहकही प्रश्नावल्या पाठवू लागले आहेत. त्या प्रश्नावल्यांना हजेरीपत्रक जोडून भागेल असे ज्यांना वाटते, त्यांनी ऑर्डर गेल्यावर चीनच्या नावाने रडू नये. मीटर कोण वाचतो, भंगार कोण तोलतो, बादली कोण उचलतो? आकडे त्याच माणसांच्या हातात आहेत आणि त्यांनाच तुम्ही दाराबाहेर उभे केलेत. लाज वाटली पाहिजे.

पुढच्या खेपेला फ्लेक्स आणि मानधन वाचवा, शिफ्ट बदलताना त्या माणसांना टाकीपाशीच अर्धा तास उभे करा आणि तेल ओतायचा ड्रम कुठे ठेवला आहे ते दाखवा. त्याआधी तो ड्रम विकत आणा.