ब्रिटनच्या गोंधळाचं खापर मतदारांच्या डोक्यावर फोडू नका

आपल्याकडे आघाडी सरकारांवर वाद रंगला की ब्रिटनचं एक उदाहरण हमखास तोंडावर फेकलं जातं. मजकूर थोड्याफार फरकानं असा असतो: ‘२०१७ मध्ये ब्रिटिश जनतेनं थेरेसा मे यांना नाकारलं. हरूनही त्या खुर्चीला चिकटून राहिल्या. दहा खासदारांच्या पक्षाला एक अब्ज पौंड देऊन त्यांनी बहुमत विकत घेतलं. या दुबळ्या सरकारला कंटाळून लोक रस्त्यावर उतरले, ब्रेक्झिट अडीच वर्षं लटकलं. एकाच पक्षाला घसघशीत बहुमत दिलं असतं तर ही वेळ आलीच नसती.’

हा मजकूर मला मनापासून खटकतो, कारण तो सगळा दोष मतदाराच्या माथी मारतो आणि आपल्याकडे तो मतदाराला घाबरवायला वापरला जातो. म्हणून त्यातलं एकेक विधान तपासू.

‘जनतेनं मे यांना नाकारलं.’

मुदत संपायला तीन वर्षं बाकी असताना १८ एप्रिल २०१७ ला हुजूर पक्षाच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी निवडणुकीची घोषणा केली. हाताशी काठावरचं का होईना, बहुमत होतं. जनमत चाचण्यांमध्ये हुजूर पक्ष वीसेक टक्क्यांनी पुढे होता, तेव्हा युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या (ब्रेक्झिटच्या) वाटाघाटी सुरू होण्याआधी मोठं बहुमत पदरात पाडून घ्यावं, असा हिशेब होता. ब्रिस्टलमध्ये बीबीसीच्या वार्ताहरानं एका वयस्कर बाईंना ही बातमी सांगितली, तर त्या वैतागून म्हणाल्या, ‘थट्टा करताय की काय? आणखी एक?’ बाईंचं ते वाक्य देशभर गाजलं. लोक कशाला वैतागले होते, याची पहिली खूण तिथेच होती. निकाल लागायच्या आधीच.

८ जूनला मतदान झालं. हुजूर पक्षाला ४२.४ टक्के मतं पडली. २०१५ पेक्षा साडेपाच टक्के जास्त. पण मजूर पक्ष ३०.४ वरून ४० टक्क्यांवर गेला आणि जागांचं गणित फिरलं: हुजूर ३१७, मजूर २६२. ‘मग खरे विजयी मजूर पक्षाचे नेते कॉर्बिनच’ असंही काही जण ठोकून देतात. त्यांनी बेरीज करून पाहावी. मजूर २६२, स्कॉटिश नॅशनल ३५, लिबरल डेमोक्रॅट १२, प्लाइड कम्री ४, ग्रीन १, म्हणजे ३१४. सगळे विरोधक एकत्र आले तरी एकट्या हुजूर पक्षाच्या मागे. मे यांनी मोकळा हात मागितला होता, लोकांनी तो दिला नाही. सरकार चालवायला सर्वांत मोठा पक्ष दिला आणि त्याच्यावर पहारेकरी बसवले. याला नाकारणं म्हणता येत नाही.

‘हरूनही त्या खुर्चीला चिकटून राहिल्या.’

ब्रिटनमध्ये पंतप्रधान थेट निवडून येत नाही. ज्याच्यावर हाउस ऑफ कॉमन्सचा विश्वास, तो पंतप्रधान. निकाल त्रिशंकू लागला तर आधीच्या पंतप्रधानाला सभागृहासमोर जाऊन नशीब अजमावण्याची मुभा असते. १९२३ मध्ये बहुमत गमावलेले पंतप्रधान बाल्डविन संसदेसमोर गेले, जानेवारी १९२४ मध्ये तिथे हरले आणि मग रॅमसे मॅकडोनाल्ड यांचं पहिलं मजूर सरकार आलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये बहुमत हुकलेले पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी लिबरल पक्षाशी बोलणी केली, ती फिसकटली आणि ते पायउतार झाले. मे यांच्या सरकारचं धोरणात्मक भाषण, म्हणजे नव्या संसदेपुढे मांडलेला सरकारचा कार्यक्रम, २९ जून २०१७ ला ३२३ विरुद्ध ३०९ मतांनी मंजूर झालं. उत्तर आयर्लंडमधल्या शिन फेन पक्षाचे सात खासदार संसदेत बसतच नाहीत, सभापती आणि उपसभापती मत देत नाहीत. त्यामुळे व्यवहारात ३२० मतं पुरत होती, आणि ती मिळाली. बहुमत सभागृहातच सिद्ध व्हायला हवं, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या बोम्मई निकालानंतर आपल्यालाही कुणी शिकवायला नको. नोव्हेंबर २०१९ मधलं महाराष्ट्राचं नाट्य आठवून पाहा.

‘एक अब्ज पौंड देऊन बहुमत विकत घेतलं.’

इथे मजकूर लिहिणाऱ्याच्या रागात तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही. निवडणुकीच्या आठवडाभर आधी बीबीसीच्या जाहीर कार्यक्रमात एका परिचारिकेनं मे यांना विचारलं होतं, की आमचा पगार इतक्या वर्षांत का वाढला नाही. मे यांनी उत्तर दिलं, की हलवलं की पैसे पडतील असं जादूचं झाड कुठे नसतं. त्यानंतर तीन-साडेतीन आठवड्यांत, २६ जूनला, उत्तर आयर्लंडमधल्या दहा खासदारांच्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाशी करार झाला आणि उत्तर आयर्लंडला एक अब्ज पौंड जादा जाहीर झाले. त्याच आठवड्यात सरकारी नोकरांच्या पगारवाढीवरची मर्यादा उठवण्याची मजूर पक्षाची दुरुस्ती याच दहा मतांच्या बळावर पाडली गेली. रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या माणसानं हे पाहून दात-ओठ खाल्ले नसते तरच नवल. स्कॉटलंड आणि वेल्सला त्या प्रमाणात वाटा मिळाला नाही, ही तक्रारही रास्त होती. सर्वांत गंभीर इशारा मे यांच्याच पक्षाचे माजी पंतप्रधान जॉन मेजर यांनी दिला होता: उत्तर आयर्लंडमधल्या शांतता करारात लंडनच्या सरकारनं दोन्ही समाजांकडे (ब्रिटनबरोबर राहू पाहणारे युनियनिस्ट आणि आयर्लंडमध्ये सामील होऊ पाहणारे) सारख्या नजरेनं पाहणं अपेक्षित आहे, आणि एका बाजूच्या पाठिंब्यावर तगलेलं सरकार ते कसं करणार?

पण ‘विकत घेतलं’ या शब्दांत जो अर्थ दडवला जातो तो खोटा आहे. पैसा कुणा खासदाराच्या खिशात गेला नाही. चाळीस कोटी पौंड रस्ते वगैरे पायाभूत कामांसाठी होते, पंधरा कोटी ब्रॉडबँडसाठी, बाकीचे मुख्यतः आरोग्यसेवेसाठी आणि वंचित वस्त्यांसाठी. करार लेखी होता, दोन्ही पक्षांच्या प्रतोदांच्या सह्यांनिशी जाहीर झाला होता, त्यामुळे त्याच्यावर उघड टीका करता आली. मोठ्या पक्षांच्या पोटातल्या तडजोडी इतक्या उजेडात कधीच येत नाहीत.

आणि या दुबळेपणाची दुसरी बाजू मजकुरात औषधालाही नाही. उत्तर आयर्लंडमध्ये तेव्हा गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी होती. तिथल्या स्त्रिया गर्भपातासाठी इंग्लंडला यायच्या आणि स्वतःच्या खिशातून शेकडो पौंड भरायच्या. करदात्या असूनही. सरकारी आरोग्यसेवेत त्यांना ही सेवा मोफत न देणं कायद्याला धरून आहे, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं १४ जूनला दिला होता. पंधरा दिवसांनी, सरकारी भाषणावरच्या मतदानाच्या दिवशी, मजूर पक्षाच्या स्टेला क्रीसी यांनी दुरुस्ती मांडली. हुजूर पक्षाचेही काही खासदार त्यांच्या बाजूनं जाणार हे दिसताच सरकारनं काही तासांत माघार घेतली आणि खर्च उचलायचं कबूल केलं. ज्या पक्षाच्या टेकूवर सरकार उभं होतं तो गर्भपाताचा कट्टर विरोधक, तरीही हे घडलं. शंभरच्या बहुमताचं सरकार असतं तर ती दुरुस्ती केराच्या टोपलीत गेली असती.

‘दुबळ्या सरकारला कंटाळून लोक रस्त्यावर उतरले.’

त्या जूनमध्ये लोक कशासाठी उतरले हे ज्यानं थोडं जरी पाहिलं असेल, तो हे वाक्य लिहिणार नाही. लंडनमधला केन्सिंग्टन हा मतदारसंघ हुजूर पक्षाचा बालेकिल्ला. निकालाच्या रात्री तिथे पुन्हा पुन्हा मोजणी झाली, मोजणारे कर्मचारी इतके थकले की त्यांना विश्रांतीसाठी घरी पाठवावं लागलं. शुक्रवारी संध्याकाळी मोजणी पुन्हा सुरू झाली आणि मजूर पक्षाच्या एमा डेंट कोड अवघ्या वीस मतांनी निवडून आल्या. पाचच दिवसांनी, १४ जूनच्या पहाटे, त्याच मतदारसंघात ग्रेनफेल टॉवर पेटला. चोवीस मजल्यांची इमारत, बाहेरून नुकतंच बसवलेलं ज्वालाग्राही आवरण, आणि ७२ बळी.

दुसऱ्या दिवशी मे तिथे गेल्या, अग्निशमन दलाला भेटल्या आणि रहिवाशांना न भेटता परतल्या. त्याच्या पुढच्या दिवशी त्या जवळच्या चर्चमध्ये आल्या, तेव्हा बाहेर जमलेल्या लोकांनी त्यांना ‘भेकड’ म्हणून हिणवलं. संसदेत कुणाला किती जागा आहेत, याच्याशी त्या ओरडण्याचा काडीचाही संबंध नव्हता. घर जळालेल्या माणसाला आपलं कुणी ऐकायला हवं होतं. चौकशीचा अंतिम अहवाल सप्टेंबर २०२४ मध्ये आला आणि त्यानं केंद्र सरकारसह अनेक संस्थांच्या कित्येक दशकांच्या अपयशावर बोट ठेवलं. २००९ मध्ये लंडनमध्येच लाकानल हाउसच्या आगीत सहा जण गेले होते, २०१३ मध्ये न्यायिक अधिकाऱ्यांनी अग्निसुरक्षेच्या नियमांचा फेरविचार करायला सांगितलं होतं, आणि काहीही झालं नाही. त्या दशकांतली बरीच वर्षं ब्रिटनमध्ये चांगल्या भक्कम बहुमताची सरकारं होती.

‘अल्पमतामुळे ब्रेक्झिट लटकलं.’

दहा खासदारांचं वजन मी कमी लेखत नाही. ४ डिसेंबर २०१७ ला मे ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्षांबरोबर जेवणाच्या टेबलावर होत्या, आयर्लंडच्या सीमेचा मसुदा जवळपास ठरला होता, तेवढ्यात युनियनिस्ट नेत्या आर्लीन फॉस्टर यांचा फोन आला आणि मसुदा तिथेच थांबला. पण तो थांबला चार दिवस. आठ तारखेला सुधारित मसुदा मान्य झाला.

मे यांचा ब्रेक्झिटचा मुख्य करार १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला. फरक २३०. त्या दिवशी विरोधात गेलेले हुजूर खासदारच ११८ होते. युनियनिस्टांची दहा मतं बाजूनं पडली असती तरी काय फरक पडला असता? मे यांनी २०१७ मध्ये पन्नासचं बहुमत मिळवलं असतं तरी हा करार पडलाच असता, कारण भेग त्यांच्या पक्षाच्या मधोमध होती. दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठराव आला तेव्हा हेच बंडखोर निमूटपणे सरकारमागे उभे राहिले आणि सरकार ३२५–३०६ नं तरलं. सरकार पाडायचं नव्हतं, पण त्याला काम करू द्यायचंही नव्हतं. हे मतदारांनी केलेलं नाही. उलट करारावर संसदेचं अंतिम मतदान व्हायलाच हवं, ही तरतूद डिसेंबर २०१७ मध्ये ३०९–३०५ अशी चार मतांनी मंजूर झाली, ती डॉमिनिक ग्रीव्ह या हुजूर खासदाराच्या दुरुस्तीमुळे. इतक्या मोठ्या निर्णयावर लोकप्रतिनिधींना शेवटचा शब्द मिळाला, तो याच त्रिशंकू संसदेमुळे.

‘घसघशीत बहुमत असतं तर ही वेळ आली नसती.’

हा प्रयोग ब्रिटननं नंतर दोनदा करून पाहिला. डिसेंबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांना ८० चं बहुमत मिळालं. त्याच संसदेच्या काळात जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक असे तीन पंतप्रधान झाले. ट्रस यांच्या अर्थसंकल्पी घोषणांनी बाजार हादरले आणि दीड-दोन महिन्यांत त्यांना जावं लागलं. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष ४११ जागा घेऊन आला, पण मतं होती जेमतेम ३३.७ टक्के, म्हणजे हरलेल्या कॉर्बिन यांना २०१७ मध्ये मिळाली त्याहून सहा टक्के कमी. पाच महिनेही उलटले नव्हते, तोवर नव्या निवडणुकीच्या मागणीच्या अर्जावर वीस लाखांहून जास्त सह्या झाल्या. पुढे जुलै २०२५ मध्ये अपंगांच्या भत्त्यात कपात करणारं विधेयक आलं, तेव्हा स्वतःच्याच शंभरहून अधिक खासदारांच्या दबावापुढे पंतप्रधान कीर स्टार्मर यांना त्यातला मुख्य भाग गुंडाळावा लागला. दीडशेहून जास्त बहुमत हाताशी असताना.