‘एक चाळकरी’ यांना उत्तर

‘पावसाळ्याआधी घर, दुकान आणि विमा’ या माझ्या लेखावर ‘एक चाळकरी’ अशी सही करून कोणीतरी प्रतिक्रिया टाकली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: लेख विमा एजंटाने लिहिल्यासारखा आहे, ‘मेन स्विच बंद करा’ हा सल्ला चाळीत निरुपयोगी आहे, भाडेकरूला विमा मिळत नाही, आणि मिळाला तरी कंपन्या पैसे देत नाहीत. शेवटी हे वाक्य: “ज्यांच्या घरात कधी पाणी शिरलं नाही त्यांनी आम्हाला पावसाळा शिकवू नये.”

मेन स्विचबद्दल तुमचं बरोबर आहे, ते आधीच सांगून टाकतो. बऱ्याच चाळींत मीटर जिन्याखाली एकत्र असतात, त्या मीटरच्या खोलीला कुलूप असतं, आणि आपल्या खोलीतला स्विच पाडला तरी मीटरपासून वर येणारी वायर चालूच राहते. हे मी लिहायला हवं होतं. दुरुस्ती केली आहे: पाणी मीटरकडे चढायला लागलं तर त्या खोलीत उतरायचं नाही, वीज कंपनीला फोन करून पुरवठा बंद करून घ्यायचा.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो.

तुम्ही मला ओळखत नाही. माझ्या घरात पाणी शिरलं होतं का, हे विचारायला एक ओळ पुरली असती. ती न विचारता तुम्ही थेट निकाल देऊन मोकळे झालात, तोही नाव न लावता. टीकेचं मला वावडं नाही, या ब्लॉगवर याहून कडक टीका मी ठेवली आहे. पण न विचारता माणसाचं आयुष्य ठरवून टाकायचं, याला टीका म्हणत नाहीत.

२६ जुलै २००५ ला मी एकोणीस वर्षांचा होतो. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. कुर्ला पश्चिमेला आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागच्या चाळीत तळमजल्यावर दहा बाय बाराची खोली. होय, चाळीत. मिठी नदीचं पाणी दोन्हीकडे छातीएवढं आलं. कॉलेजातून चालत मी रात्री दोनला पोहोचलो तेव्हा आई आणि बहीण वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे होत्या आणि बाबा कठड्याला धरून खाली दुकानाच्या दिशेने बघत उभे होते.

पाणी उतरल्यावर शटर उघडलं. ओला कागद फुगतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो किती फुगतो हे मला त्या दिवशी कळलं. वह्यांचे गठ्ठे रॅकमध्ये असे पाचरीसारखे बसले होते की ओढून निघेनात. शेवटी बाबांनी पहारीने फळ्या तोडल्या. खालच्या ड्रॉवरमध्ये खरेदीची बिलं होती, त्यांचा लगदा झाला होता. पॉलिसीही त्याच ड्रॉवरमध्ये होती.

बाबांनी विमा उतरवला होता. पण हप्ता कमी बसावा म्हणून चार लाखांच्या मालावर दोन लाखांचाच. नुकसान तपासायला कंपनीचा सर्व्हेयर आला, त्याने बिलं मागितली. आम्ही अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या घाऊक व्यापाऱ्यांकडे हेलपाटे घालून दुसऱ्या प्रती जमवल्या आणि दीड लाखाचं नुकसान सिद्ध केलं. हातात आले पाऊण लाख. माल चारचा आणि विमा दोनचा, म्हणून भरपाईही निम्मी. याला सरासरीचं कलम म्हणतात. विमा दोन लाखांचा आणि नुकसान दीडचं, म्हणजे सगळे पैसे मिळणार, असं बाबा धरून चालले होते. ते पत्र त्यांनी तीनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

म्हणून मी विम्यावर लिहितो. कमिशनचा एक रुपया आजवर घेतलेला नाही, आणि ‘एजंट’ हा शब्द तुम्ही मागे घ्यावा अशी माझी अपेक्षा आहे. ज्या लेखाला तुम्ही जाहिरात म्हणता त्यातला अर्धा भाग याच कलमावर आहे. छोट्या दुकानांसाठी २०२१ पासून जी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसी आहे, तिच्यात विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तरी हे कलम लावत नाहीत. घरासाठीच्या ‘भारत गृह रक्षा’त ते मुळी लावतच नाहीत. हे माझ्या बाबांना कोणी सांगायला नव्हतं. बिलांचे फोटो काढून दुकानाबाहेर, दुसऱ्याच्या फोनवर ठेवा, हेही मी लिहिलं होतं. ते पांढरपेशा चोचले वाटत असतील तर माझा इलाज नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. भाडेकरूला भिंतींचा विमा काढता येत नसेल, पण घरातल्या सामानाचा काढता येतो. लेखात हे आहे, वाचलं असतंत तर दिसलं असतं. कंपनी पैसे देत नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझलाच आहे आणि फी लागत नाही. गाडीवाला परिच्छेद ‘आमच्या कामाचा नाही’ म्हणालात. चाळीखाली उभ्या असलेल्या दुचाक्या कोणाच्या असतात? नुसता थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरणारा, विमा असेल तर पुरात बुडालेल्या गाडीचे पैसे मिळत नाहीत, आणि पाण्यात इंजिन चालू करायला गेलात तर पूर्ण विमा असूनही इंजिनाची भरपाई नाकारली जाऊ शकते. एवढंच लिहिलं होतं.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही. मीटर-खोलीचा मुद्दा तुमच्यामुळे आला, आणि तो तुमच्या सहीसकट लेखात घातला आहे. तुमच्या चाळीत पावसाळ्यात त्या खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि रात्री-अपरात्री ती मिळते का, तेवढं कळवा. तेही घालतो.