खोडरबर, अंधश्रद्धा आणि ‘काका लोक’

मागच्या लेखावर आलेल्या एका प्रतिक्रियेला हे उत्तर. खाली चार ओळींत उरकणार होतो, पण बसलो तेव्हा लांबत गेलं, म्हणून वेगळं टाकतोय.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भाच्याच्या डेस्कटॉपमधला जुना प्रोसेसर, रायझन ३ ३२००जी, काढून आम्ही नवा रायझन ५ ५६०० बसवला. मदरबोर्ड बी४५०, २०१९ साली घेतलेला. बटण दाबलं, सगळे पंखे फिरले, ग्राफिक्स कार्डाचासुद्धा, मॉनिटरवर ‘नो सिग्नल’, आणि बोर्डावर सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, खुणेपाशी लाल दिवा. त्यानंतरचे माझे दोन दिवस कसे गेले ते लेखात आहे: आधी रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासून बघितल्या, शेवटी बायोस, म्हणजे मशीन चालू होताना बोर्ड सगळ्यात आधी चालवतो तो प्रोग्रॅम, नवीन चढवला. त्यावर एका वाचकांनी लिहिलं:

“दोन दिवस? बायोस जुना होता, विषय संपला. प्रोसेसर घेण्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर सपोर्ट लिस्ट बघायला पाच मिनिटं लागतात. सीपीयूचा दिवा लाल होता हे तुम्हीच लिहिलंय, तरी रॅम घासत बसलात. खोडरबराने रॅम घासणं ही निव्वळ अंधश्रद्धा. काढून परत बसवल्याने चालते, घासल्याने नाही. स्लॉटही चुकीचे सांगितलेत. असल्या काका लोकांमुळेच चांगल्या मशीन वाया जातात.”

आधी स्लॉटचं. चूक माझीच. बोर्डावर रॅमचे चार स्लॉट, म्हणजे खाचा, असतील आणि रॅमच्या पट्ट्या दोन असतील, तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. मी पहिला आणि तिसरा लिहिलं होतं. बसवताना बरोबर बसवल्या होत्या, लिहिताना घसरलो. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिल्याबद्दल आभार, आणि ते मनापासून आहेत.

आता ‘काका लोक’. माझं वय त्रेपन्न आहे, त्यामुळे काका म्हणण्याला माझी हरकत नाही. आमच्या आळीतली अर्धी मुलं मला काकाच म्हणतात. पण ती ‘काका, जरा मशीन बघता का’ असं म्हणतात. तुम्ही ज्या सुरात म्हटलंय त्या सुरात तो शब्द मी चिपळूणच्या एसटी स्टँडवर रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकला होता, आणि तेव्हा निदान चूक माझी होती, मी रस्त्याच्या मधोमध उभा होतो. बरं, ‘काका लोक’ असं अनेकवचन का? मी एकट्याने लेख लिहिला. ज्या बाकीच्या काकांनी मशीन वाया घालवल्या, त्यांचा हिशोब माझ्या खात्यावर कशासाठी?

आणि ‘अंधश्रद्धा’. महाराष्ट्रात हा शब्द जपून वापरावा. ज्या माणसांनी या शब्दासाठी आयुष्य वेचलं ते नारळ-लिंबाच्या, भगताच्या, अंगात येण्याच्या विरोधात लढले. पाच रुपयांच्या खोडरबराविरुद्ध नव्हे. मी रॅमला हळदकुंकू वाहिलं असतं तर तुमचं म्हणणं ऐकून घेतलं असतं.

तुम्ही कुठे राहता मला माहीत नाही. भाषेवरून वाटतं, कोरड्या हवेत. मी १९९९ साली या धंद्यात आलो, तेही कोकणात. तेव्हाची रॅम म्हणजे एसडीरॅम, १६८ पिनांची लांब पट्टी, आणि ६४ एमबी असली की माणूस चारचौघांत सांगायचा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून फोन सुरू व्हायचे: “मशीन ओरडतंय.” बटण दाबलं की लांब बीप, थांबून परत लांब बीप, म्हणजे रॅमची तक्रार. एका पतपेढीतलं मशीन अजून आठवतं. बाहेर पाऊस कोसळतोय, काउंटरवर लोक पासबुकं घेऊन उभे, आणि मी जमिनीवर मांडी घालून. पट्टी काढली, बसवली. बीप. काढली, दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली. बीप. तिसऱ्यांदा बसवली, तरी बीप. मग कॅशियरच्या टेबलावरून खोडरबर घेतला, पट्टीच्या कडेच्या सोनेरी दातांवरून दोन्ही बाजूंनी एकाच दिशेने सावकाश फिरवला, रबराची भुकटी फुंकून नाही, ब्रशने झाडली. खोडरबराच्या कडेला काळी रेघ उमटली होती. पट्टी बसवली, एकच छोटा बीप, आणि समोर रॅमचे आकडे मोजायला लागलं.

ही रेघ म्हणजे काय? सोन्याला गंज चढत नाही, हे तुम्ही सांगायच्या आधीच मला माहीत आहे. पण त्या दातांवरचा मुलामा इतका पातळ की खालचा धातू कुठे ना कुठे डोकावतो. त्यावर दमट हवा, बोटांचं तेल, उदबत्तीचा धूर, आणि पतपेढीत त्या काळी ओढल्या जाणाऱ्या विड्या. ते सगळं मिळून ती काळी रेघ. तुम्ही म्हणाल, चौथ्यांदा बसवली म्हणून चालली. म्हणा. तीनदा बसवून का चालली नाही ते मात्र मग तुम्हीच सांगा.

आणि अनुभवाचं म्हणाल तर २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा पुढचे तीन आठवडे मी माझ्या पडवीत लोकांचे मदरबोर्ड धूत होतो. आधी चिखल जाईपर्यंत साधं पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रश, मग पंख्यासमोर दिवसच्या दिवस. सेल आधी काढायचा, ती सीआर२०३२ची नाण्याएवढी गोळी, नाहीतर ओल्या बोर्डावर तेवढे तीन व्होल्टसुद्धा तांबं खायला पुरतात. चाळीसच्या आसपास बोर्ड आले, अकरा चालू झाले. त्या अकरा घरांत जाऊन विचारा, काका लोकांनी मशीन वाया घालवल्या का.

याचा भाच्याच्या प्रोसेसरशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. थेट नाही. पण माणूस कोण आहे हे न बघता त्याला ‘असले’ म्हणायचं नसतं, एवढाच संबंध.

राहिलं बायोसचं. हो, बायोस जुना होता. ५६०० बाजारात आला २०२२मध्ये, बोर्डातला बायोस २०१९चा, त्याला हा प्रोसेसर ओळखता येईना. शेवटी जुना ३२००जी परत बसवला, चित्र आलं, पेनड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करून नवीन बायोस चढवला, मग ५६०० बसवला, आणि पहिल्या फटक्यात चालू. हे सगळं मी लेखात लिहिलंच आहे, तुम्ही मला नवीन काही सांगितलेलं नाही. सपोर्ट लिस्ट आधी बघायला हवी होती का? बघितली असती तर बरं झालं असतं. पण घरबसल्या ‘बायोस अपडेट करा, विषय संपला’ हे वाक्य सोपं आहे. आमच्याकडे जुलैमध्ये वीज दिवसातून चार वेळा जाते. बायोस चढत असताना गेली तर बोर्डाचं काय होतं, हे तुम्ही कोणाच्या बोर्डावर बघितलंय? मी बघितलंय. म्हणून आधी इन्व्हर्टरची बॅटरी भरू दिली, रात्री साडेअकरा वाजता, शेजारची मिक्सर-इस्त्री बंद झाल्यावर, श्वास रोखून अपडेट केलं. आधी खोडरबराचा उपाय करून बघितला, कारण त्यात बोर्ड मरत नाही. स्वस्तातलं आधी, धोक्याचं नंतर, हा आमचा क्रम.

आणि जुना प्रोसेसर ‘परत बसवला’ हे दोन शब्द तुम्ही वाचून पुढे गेलात. प्रोसेसरवरचा कूलर, म्हणजे त्याला गार ठेवणारा पंखा, सरळ वर ओढला तर मधल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, कुलूप लावलेलं असताना. आधी तो डावी-उजवीकडे हलके फिरवून सैल करायचा असतो. ३२००जी परत बसवण्यासाठी ५६०० काढताना भाच्याने घाईत ओढला. ५६०० कूलरला लटकत बाहेर आला, कोपऱ्यातल्या चार पिना वाकलेल्या. शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलचं तोंड एकेका पिनेवर घालून, भिंग लावून, मी त्या सरळ केल्या. तास गेला. दोन दिवसांतला हा तास तुमच्या पाच मिनिटांत कुठे बसतो?

लाल दिव्याचं म्हणाल तर तो सीपीयूच्या खुणेपाशी होता, बरोबर. पण असे दिवे मी चुकीचं सांगतानाही बघितले आहेत. त्यावर नंतर कधीतरी.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. भाच्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, “मामा, पण यांचं बरोबर आहे ना?” त्याला अजून बरंच शिकायचंय.

बाकी वाचकांसाठी एक सांगायचं राहिलं होतं, ते मूळ लेखातही आता घातलंय. खोडरबर पांढरा, मऊ, शाळकरी घ्या. अर्धा लाल अर्धा निळा असतो त्याचं निळं टोक शाई खोडण्यासाठी खरखरीत केलेलं असतं, ते रॅमवर फिरवलं तर मुलामाच निघून येतो. आयसोप्रोपिल आणि सुती कापड हाताशी असेल, तर मग खोडरबर नाही घेतला तरी चालेल.