खुलासा: क्रॉमवेल पारितोषिक ही शिष्यवृत्ती नाही

‘अमेरिकी कायद्याच्या इतिहासात पीएचडी करणाऱ्यांना क्रॉमवेल शिष्यवृत्ती, आराखडा पाठवा’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. अमेरिकन सोसायटी फॉर लीगल हिस्टरीच्या नियमांप्रमाणे हे क्रॉमवेल प्रबंध पारितोषिक पूर्ण झालेल्या प्रबंधालाच मिळते, तेही आदल्या कॅलेंडर वर्षात स्वीकारलेल्या. म्हणजे डिसेंबर २०२४ मध्ये स्वीकारलेला प्रबंध २०२५ साठी, पण जानेवारी २०२५ मधला थेट २०२६ साठी; महिनाभराच्या फरकाने वर्ष बदलते, हे नीट बघा. शिफारस सोसायटीची समिती करते, पारितोषिक विल्यम नेल्सन क्रॉमवेल फाउंडेशन देते.

चालू संशोधनाला पैसे हवे असतील तर क्रॉमवेल फेलोशिप वेगळी आहे. आराखडा लागतो तो तिथे. अर्धवट प्रबंध पारितोषिकासाठी पाठवून विद्यार्थ्यांची मेहनत वाया जाऊ नये, म्हणून जुना संदेश कृपया पुढे पाठवू नका.